गप्प तोंडाचं माप

कवळीकाकांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत. रस्त्यात कुणी "काय काका, ओळखलंत का?" म्हणून समोर उभं राहिलं, की ते नुसती मान डोलवत आणि तो माणूस तोंड उघडून चार शब्द बोलेपर्यंत वाट बघत. मग एकदम त्यांचा चेहरा उजळे. "हो तर! वरचे पुढचे चार. अजून दोरा दातांनीच तोडता वाटतं!" समोरचा शिंपी ओशाळून निघून जाई, आणि आपण काहीतरी प्रेमाचं बोललो अशा समजुतीत काका पुढे चालू लागत.

परिसरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात त्यांच्या हातचे होते. त्यांतल्या एकाशीही त्यांचं धड बोलणं झालेलं नव्हतं.

दातांच्या दवाखान्याच्या मागे त्यांची खोली होती. पुढे डॉक्टर तोंडाचं माप घेत, ते ओलं माप भिंतीतल्या लहानशा खिडकीतून आत सरकवलं जाई. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करत, त्यावर मेणाची हिरडी चढवत, मेणात एकेक दात रोवत, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवून, घासून, चकाकवून कवळी त्याच खिडकीतून बाहेर देत. कवळी प्लास्टरच्या जबड्यावर अशी बसे, की तळहातावर उलटी धरून हलवली तरी पडायची बिशाद नव्हती. माणूस फक्त खिडकीपलीकडे असे.

खोलीला दवाखान्यात उघडणारं दार होतं, नव्हतं असं नाही. पण दारासमोर कपाट होतं. बायको गेली त्या वर्षी काकांनीच ते तिथे ढकललं होतं. तेव्हा दवाखान्यात येणारा प्रत्येक जण सुजलेला गाल धरून दारातून आत डोकावे आणि म्हणे, "फार वाईट झालं हो." यावर काय बोलायचं ते काकांना सुचत नसे. "हो" म्हणावं तर तुटक वाटतं, रडावं तर हातात तापलेलं मेण. एका दुपारी त्यांनी जुन्या जबड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट सगळा जोर लावून दारापुढे सारलं आणि घाम पुसून कामाला बसले. तेव्हापासून ते मागच्या गल्लीतून येत आणि मागच्याच गल्लीतून जात. दुःख आवरलं की नाही कुणास ठाऊक, पण हवा खेळायची थांबली.

त्यांची मोठी बहीण शेजारच्याच इमारतीत राहायची. ती त्यांना तोंडावर दगड म्हणायची. "अरे, दगडालासुद्धा शेवाळ धरतं. तू कुणालाच धरू देत नाहीस," असं ती दर रविवारी जेवायला वाढताना म्हणे. काका त्यावर भाजी छान झाली आहे असं सांगत.

जुने डॉक्टर म्हातारे झाले आणि त्यांची मुलगी दवाखाना बघू लागली. दुधाचे दात पडायच्या वयाची असताना ती काकांच्या खोलीत मेणाच्या गोळ्या करत बसायची, म्हणून काका तिला डॉक्टरही म्हणत आणि 'अगं'ही म्हणत. ही डॉक्टर बापासारखी गप्प बसणारी नव्हती. एक दिवस तिने खिडकीत कोपरं टेकली.

"काका, महिन्याभरात ही पाचवी कवळी परत आली."

"जबड्यावर बसते बघ." काकांनी ती प्लास्टरवर चढवून उलटी करून दाखवली.

"जबड्यावर बसते. तोंडात बसत नाही. लोक बोलतात काका, जांभया देतात, हसतात. तुमच्या कवळ्या फक्त गप्प बसलेल्या माणसाला येतात."

काकांनी कवळी सुलटी करून ठेवली. त्यांच्या मते हा कवळीचा दोष नव्हता.

"पुढच्या खोलीत मी एक जास्तीची खुर्ची टाकतेय," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही बाहेर या. माणूस बघा, मग दात करा. दारावर तुमच्या नावाची पाटी लावू. नाही जमलं तर मला हे काम बाहेर द्यावं लागेल. मला ते द्यायचं नाहीये, पण आता लोक दुसरीकडे जायला लागलेत."

"बघू," काका म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती दाराच्या बाजूला बघून निघून गेली. त्या बाजूने दाराचं नुसतं बंद फळकूट दिसे.

त्याच आठवड्यात सहावी कवळी परत आली, आणि ही एकटी आली नाही. तिच्यामागोमाग खिडकीत एक चेहरा आला. रंगवलेले काळेभोर केस, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडावर धरलेला रुमाल.

"आत कोणी आहे का?" रुमालाआडून आवाज आला.

काकांनी क्षणभर विचार केला. "नाही," ते म्हणाले.

"मग हे कोण बोललं?"

काकांना नाइलाजाने खिडकीपाशी यावं लागलं. बाई मोटार चालवायला शिकवणाऱ्या होत्या. अख्खा परिसर त्यांना मोटारबाई म्हणायचा, कारण निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली होती आणि उरलेले निम्मे त्यांच्या गाडीपुढून उड्या मारून वाचले होते. हिरड्यांच्या दुखण्याने वरचे सगळे दात गेले, म्हणून नवीन कवळी केली, आणि ती पहिल्याच दिवशी कामावर पडली.

"पडली म्हणजे कुठे?"

"विद्यार्थ्याच्या मांडीवर. त्याला म्हटलं गाडी मागे घे, तर त्याने वायपर चालू केले. मला आलं हसू. कवळी गेली उडून. तो एवढा घाबरला, की त्याने पहिल्यांदाच ब्रेक वेळेवर दाबला." बाईंनी हे अगदी तक्रारीच्या सुरात सांगितलं. "तेवढा एक फायदा झाला, नाही म्हणत नाही मी."

"ताई, हसू नका, म्हणजे पडणार नाही," काका म्हणाले.

रुमालावरचे डोळे बारीक झाले. "एक तर मला ताई म्हणू नका. ताई म्हणायला मला सख्खे दोन भाऊ आहेत, ते म्हणतात तेवढं पुरे. आणि दुसरं, माझा नवरा गेल्यावर मी तीन वर्षं हसले नव्हते. आता कुठे यायला लागलंय. तुमच्या कवळीसाठी मी ते पुन्हा बंद करू?"

काकांनी परत आलेली कवळी हातात घेतली. इतक्या वर्षांत खिडकीतून त्यांना कुणी असं काही विचारलं नव्हतं. खिडकीतून फक्त मापं येत.

डॉक्टर मागे उभी होतीच. "काका, बाहेर या. यांना हसताना बघितल्याशिवाय हे सुटायचं नाही."

दारातून येणं शक्य नव्हतं. काकांनी ॲप्रन नीट केला, मागच्या दाराने गल्लीत उतरले, इमारतीला पूर्ण वळसा घातला आणि दवाखान्याच्या पुढच्या दारातून, वाट बघत बसलेल्या लोकांमधून, परक्या घरात आल्यासारखे आत आले. दवाखान्याचा पुढचा रंग पिवळा केला आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बाई खुर्चीत बसल्या. कवळी बसवली. काका समोर स्टुलावर बसले.

"हसा," काका म्हणाले.

"कशावर?"

हा प्रश्न रास्त होता. काकांना एकच विनोद येत असे. तो त्यांच्या मेहुण्याने कधीतरी सांगितला होता, त्यात एक पोपट होता आणि एक इन्स्पेक्टर. त्यांनी तो सुरू केला. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की शेवट आठवत नाही. "मग तो पोपट म्हणाला," असं म्हणून ते थांबले. खोलीत सगळे थांबले. बाकावरच्या एका आजोबांनी पोपट काय म्हणाला असेल यावर विचार सुरू केला.

"पोपटाचं राहू द्या," बाई म्हणाल्या. त्यांना काकांची दया आली होती. "तुमचं काहीतरी सांगा. तुम्हाला कधी कुणी हसलंय का?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. मग रोग्याचा इतिहास सांगावा तसं त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"बायको गेल्यावर काही वर्षांनी बहिणीने मला बळजबरीने एक स्थळ बघायला नेलं. घर चांगलं होतं. बाई शांत होत्या. चहा झाला. त्यांच्या भावाने विचारलं, आमची बहीण तुम्हाला पसंत आहे का? मी म्हटलं, खालची डावीकडची अक्कलदाढ सोडली तर सगळं पसंत आहे."

बाईंचा ओठ हलला.

"मग?"

"मग बहिणीने मला पायावर चिमटा काढला. मी म्हटलं, ती दाढ काढायला हवी, आतून किडली आहे. त्यांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं. फाटकापर्यंत नाही."

"आणि?"

"महिन्याभराने त्या याच दवाखान्यात आल्या. दाढ काढायला." काका जरा थांबले. "निदान बरोबर होतं."

मोटारबाई हसल्या. आधी खांदे हलले, मग मान मागे गेली आणि मग जे काही सुरू झालं त्याने बाकावरचे आजोबासुद्धा दचकले. वरचा ओठ वर गेला आणि कवळी सुटून खाली आली. काका स्टुलासकट मागे सरकले. कवळी बाईंच्या मांडीवर पडली.

पण पडायच्या आधीच्या त्या एका क्षणात काकांना जे दिसायचं ते दिसलं. ओठाच्या आत मधोमध असते ना, ती बारीकशी दोरी, ती हसताना ताणली जाऊन कवळीच्या काठाला खाली ढकलत होती. प्लास्टरच्या जबड्यात ती दोरी असायची, पण झोपलेली. तिला उठून उभी राहिलेली काकांनी जन्मात पाहिली नव्हती. इतकी वर्षं आपण गप्प तोंडांचे दात करत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांना वाईट वाटलं, आणि चांगलंही वाटलं. आपण सांगितलेल्या गोष्टीवर कुणीतरी खदखदून हसलं, याचं ते चांगलं वाटणं होतं, आणि ते खिशात ठेवता येईना की टाकून देता येईना.

कवळी घेऊन ते पुन्हा गल्लीचा वळसा घालून खोलीत आले. त्यांनी काठाला मधोमध खाच घेतली, बाजू उतरवली, खाच चकाकवली. त्या दिवशी त्यांना एक वेगळीच अडचण आली. हात दातांवर असले, तरी डोळ्यांसमोर बाईंची मागे गेलेली मान होती.

दोन दिवसांनी बाई आल्या, तेव्हा काका आत खिडकीपाशीच उभे होते. कवळी बसवली. या वेळी काकांना गोष्ट सांगावीच लागली नाही. त्यांनी नुसतं तोंड उघडून "तो पोपट," एवढं म्हटलं आणि बाई हसत सुटल्या. हसल्या, खोकल्या, डोळे पुसले. कवळी जागची हलली नाही.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," काका म्हणाले.

"म्हणजे आता यायला नको."

"आता दहा वर्षं बघायला नको."

बाई "बरं" म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी पर्सची उघडझाप केली. मग गेल्या. काका खिडकीतून बघत होते. खिडकी इतकी लहान, की दारापर्यंत जाणारा माणूस तीतून पूर्ण दिसत नसे. नुसते चालणारे पाय दिसले.

त्यानंतरचे दिवस काकांना वाईट गेले, आणि का वाईट गेले हे ओळखण्याइतके ते मूर्ख नव्हते. ती बाई त्यांना आवडली होती. त्यांनी मनाशी हे वाक्य एकदा स्वच्छ म्हणून बघितलं आणि मग घाबरून बर्नर मोठा केला. त्याहून वाईट म्हणजे, बायकोच्या फोटोकडे बघायला त्यांना अवघड वाटू लागलं, जणू तिनेच काहीतरी पकडलं होतं. आणि सगळ्यात वाईट विचार त्यांना एका सकाळी दात घासताना आला: ती खाच जराशी कमी घेतली असती तर? केसभर. बाई पुन्हा आल्या असत्या. आयुष्यभर ज्यांनी कधी जाणूनबुजून वाकडा दात लावला नाही, त्या माणसाच्या डोक्यात हे आलं. त्यांनी चूळ भरली आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

बहिणीने रविवारी वाढता वाढता विचारलं, "काय रे, आज भाजी कशी झालीय?"

"कुठली भाजी?" काका म्हणाले.

बहीण वाढायची थांबली. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काढलं नसेल.

इकडे डॉक्टरची नवी खुर्ची आली. पुढच्या खोलीत ती प्लास्टिकच्या आवरणात तशीच उभी होती. "सोमवारपर्यंत सांगा काका," डॉक्टर खिडकीतून म्हणाली. "बाहेर कवळ्या करून देणाऱ्यांना मी तोवर थांबायला सांगितलंय." काका पुन्हा 'बघू' म्हणणार होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मोटारबाईंची कवळी बसली होती. बाहेर जाऊन बघण्यासारखं आता काय होतं?

सोमवारी सकाळी खिडकीतून एक वाटी आत आली. वाटीत मोटारबाईंची कवळी होती.

"ढिली झालीय म्हणतात," डॉक्टर म्हणाली. "बाहेर बसल्यात. रुमाल धरून."

काकांनी वाटी उचलली. म्हणजे आपण बघूनही चुकलो. हसताना बघितलं, खाच घेतली, तरी चुकलो. असं असेल तर खुर्ची हवीच कशाला! त्यांनी दिवा जवळ ओढला आणि कवळी उलटी केली.

खाच जागच्या जागी होती. पण खाचेच्या दोन्ही बाजूंचा काठ खाली गेला होता. झिजला नव्हता. घासला होता. काकांनी भिंग लावलं. हे ओरखडे त्यांच्या कुठल्याच हत्याराचे नव्हते. तिरके, राकट, एकाच दिशेने ओढलेले, अजिबात सवय नसलेल्या हाताचे. आणि एका ओरखड्यात लाल रंगाचा बारीकसा कण अडकला होता. काकांनी तो सुईच्या टोकावर घेतला. नखांना लावायचा रंग होता तो.

पहिल्यांदा त्यांना राग आला. त्यांच्या कामाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि इथे तर नखं घासायच्या कानशीने! आठवडाभराची मेहनत! मग राग जिथून आला होता तिथेच विरून गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला काकांकडे नाव नव्हतं. जो वाईट विचार त्यांनी दात घासता घासता गिळून टाकला होता, तो बाईंनी घरी बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच दातांवर करून टाकला होता. काका नुसता विचार करून शरमले होते. बाईंनी कानस घेतली होती.

काठावर पुन्हा प्लास्टिक चढवायचं, शिजवायचं, घासायचं आणि कवळी वाटीत घालून खिडकीतून द्यायची. काम तेवढंच होतं. कुणाला काही कळलं नसतं. काकांनी प्लास्टिकची बाटली उघडलीसुद्धा. मग त्यांनी तिचं झाकण लावलं, कवळी हातात घेतली आणि मागच्या दाराने गल्लीत उतरले.

पुढच्या खोलीत बाक भरलेला होता. पोपटवाले आजोबाही होते. मोटारबाई कडेला बसल्या होत्या, रुमाल तोंडावर. काकांच्या हातात कवळी बघून त्यांनी मान खाली घातली. नखं लालभडक होती. त्यांतल्या एकाचा टवका उडाला होता.

काका त्यांच्यासमोर उभे राहिले. अडवायला इथे भिंत नव्हती आणि मागे सरकायला स्टूल नव्हतं.

"हे पुन्हा घासू नका," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बाक कान टवकारून ऐकू लागला. "काही बिघडल्याशिवायही येता येतं."

रुमालावरचे डोळे वर झाले. बाईंना उत्तर द्यायचं होतं, पण दात काकांच्या हातात होते. त्यांनी हात पुढे केला. काकांनी कवळी दिली. बाईंनी रुमालाआड ती बसवली, रुमाल खाली घेतला आणि शक्य तितक्या रुबाबात विचारलं, "बरं. आणि कशासाठी येऊ?"

एवढ्या पुढचं काकांनी ठरवलं नव्हतं. पोपटाच्या विनोदासारखंच झालं होतं. पण या वेळी ते थांबले नाहीत.

"मला गाडी शिकायची आहे."

"गाडी आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"घ्यायची आहे?"

"नाही."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. खांदे हलायला लागले. मान मागे गेली. कवळी अजून दुरुस्त व्हायची होती, ती अर्थातच सुटली, आणि काकांचा हात पुढे गेला. त्यांनी ती झेलली.

आजोबांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात हातमोजे घालायचं विसरून उभी होती. बाई तोंड उघडं टाकून तशाच हसत होत्या, रुमाल खाली पडला होता आणि त्या तो उचलत नव्हत्या. काका हातातली ओली, गरम कवळी घेऊन वळले. सवयीने पाय रस्त्याकडच्या दाराकडे निघाले, गल्लीतून वळसा घालायला. दोन पावलांवर ते थांबले.

"अगं डॉक्टर," ते म्हणाले, "आधी ते कपाट हलवू या. एकट्याने हलायचं नाही ते."